प्रकार आणि प्रत : जनकलेचा एक विचार



३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. कन्नडला तो २००८ मध्येच मिळाला होता. म्हणजे बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्या दोन भाषांच्या शेजारात राहत आलो, त्या दोन्ही आता सरकारदरबारीही अभिजात ठरल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आनंद ओसरल्यावर एक साधा प्रश्न उरतो. आपल्या घरात दिवसभर जी मराठी कानांवर पडते, तिच्यातली अभिजात किती असते? हरिपाठ असतो, कुठे ज्ञानेश्वरीचे पारायण असते, एखाद्या घरी नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या जपून ठेवलेल्या असतात. बाकीचे काय असते? चित्रपटातली गाणी, रात्रीच्या मालिका, गणपतीच्या मांडवातले ध्वनिवर्धक, मोबाइलवर फिरणारे विनोदी तुकडे. आणि ज्या घरांतली नातवंडे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, तिथे त्यांच्या वाट्याला येणारी मराठी बहुतेक याच वाटेने येते.

या वाटेविषयी आपल्या बैठकीच्या खोलीत एक वाक्य ठरलेले असते : "ह्यात कसली आलीय कला?"

प्रस्तुत लेखात या एका वाक्याचा विचार करायचा आहे. वाक्य बोलणाऱ्याचा कान खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. उलट त्याचा कान चांगला तयार झालेला असतो, म्हणूनच त्याला त्रास होतो. पण त्या वाक्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. एक म्हणजे कलेचा प्रकार आणि दुसरी म्हणजे कलेची प्रत. ही गल्लत पाश्चात्त्य विचारवंतांनीही केली, आपल्याकडेही झाली, आणि सीमाभागात तिची किंमत इतरांपेक्षा आपल्याला जास्त मोजावी लागते आहे.

शब्द आधी ठरवू

'लोकांना आवडणारे' म्हणून आपण ज्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतो, त्या निदान तीन प्रकारच्या असतात.

पहिली लोककला. जात्यावरची ओवी घ्या. ती कोणी रचली ते सांगता येत नाही. गाणारी आणि ऐकणारी पुष्कळदा एकच बाई असते. तोंडातून तोंडात जाताना शब्द बदलतात आणि त्यात कोणाची चोरी होत नाही. आपल्याच बेळगावात राहिलेल्या इंदिरा संतांनी या ओव्यांकडे कवीच्या नजरेने पाहिले आणि 'मालनगाथा' सिद्ध केली. ज्यांची गणना आधुनिक मराठी कवितेत फार वरची, त्यांना जात्यावरच्या बाईकडे पाहताना मान खाली करून पाहावे लागले नाही, ही नोंद आधीच करून ठेवू.

दुसरी लोकप्रिय कला. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३ चा. त्यांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि 'सौभद्र' १८८२ मध्ये. इथे कर्ता ठाऊक आहे, तिकीट काढून येणारा प्रेक्षक आहे, आणि त्याला रिझवायचे आहे हे उघड आहे. पण प्रयोग एका रात्री एकाच ठिकाणी होतो. बेळगावचा प्रयोग बेळगावचा, सांगलीचा सांगलीचा. नट बदलला की नाटक बदलते.

तिसरी ती, जिच्यासाठी आपल्याकडे एकच एक शब्द रूढ नाही. ग्रामोफोनची तबकडी, आकाशवाणी, चित्रपट, दूरदर्शन आणि आता मोबाइल यांच्यामधून येणारी कला. संगीताच्या बाबतीत अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत, कलासंगीत आणि जनसंगीत असे भेद मानले होते. त्यांच्या 'जनसंगीत' या शब्दाच्या आधाराने आपण या तिसऱ्या प्रकाराला 'जनकला' म्हणू.

जनकलेची नेमकी व्याख्या करण्याचा सर्वांत नेटका प्रयत्न नोएल कॅरल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९८ मधल्या एका ग्रंथात केला. त्याच्या मते तीन अटी पुऱ्या झाल्या की ती जनकला. पहिली अट, कलाकृतीच्या पुष्कळ प्रती असतात आणि त्यातली कुठलीही 'मूळ' नसते. तोच चित्रपट निपाणीत आणि कोल्हापुरात एकाच वेळी चालू असतो आणि दोन्हीकडचे प्रेक्षक तितकाच खरा चित्रपट पाहत असतात. दुसरी अट, या प्रती यंत्राने तयार होतात आणि यंत्राने पोचतात. नाटकाच्या प्रत्येक प्रयोगाला नटाची कला लागते. चित्रपट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑपरेटरने मात्र कला दाखवायची नसते, फक्त चूक करायची नसते. तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची. कलाकृतीची घडणच अशी केलेली असते, की ज्याची काही पूर्वतयारी नाही अशा मोठ्यात मोठ्या समुदायाला ती पहिल्याच भेटीत, फारसे कष्ट न घेता कळावी. गोष्ट कशी सांगायची, चाल किती लांबवायची, ध्रुवपद कुठे परत आणायचे, हे सगळे त्या बेताने ठरते.

या व्याख्येत काय नाही ते पाहा. त्यात 'चांगली' हा शब्द नाही आणि 'वाईट' हाही नाही. जनकला म्हणजे एक प्रकार, जसा गद्य हा प्रकार आहे किंवा गझल हा प्रकार आहे. गझल आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही आणि टाकाऊही ठरत नाही.

आक्षेप कोणते?

तरीही विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या बुद्धिमंतांनी जनकलेला कलेच्या दारातच अडवले. त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण आपल्या बैठकीतल्या वाक्यामागे नकळत तेच उभे असते.

ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवुड याने १९३८ मध्ये कला आणि करमणूक यांच्यात रेघ ओढली. त्याचे म्हणणे असे. खऱ्या कलावंताला आपल्याला नेमके काय वाटते आहे हे आधी ठाऊकच नसते. निर्मिती करता करता त्याला ते उमगते. करमणूक करणाऱ्याला मात्र आधीच माहीत असते, की आता लोकांना रडवायचे आहे, आता हसवायचे आहे. तो भावनेचा नळ सोडतो आणि बंद करतो.

अमेरिकन समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग याने १९३९ मध्ये दुसरा आक्षेप मांडला. खरी कला रसिकाकडून काम मागते. बाजारू कला ते काम आधीच उरकून देते. जणू कोणीतरी चावून ठेवलेला घास आपण गिळायचा.

तिसरा आक्षेप जर्मनीतून परागंदा झालेल्या अडोर्नो आणि हॉर्कहायमर यांचा, १९४७ मध्ये ग्रंथरूपाने आलेला. त्यांना दिसला तो कारखाना. मोटारगाड्यांप्रमाणे गाणी आणि चित्रपट साच्यातून निघतात, वरचा रंग बदलतो आणि आतले यंत्र तेच राहते. दिवसभर राबून आलेला माणूस संध्याकाळी तीच तीच गाणी ऐकतो आणि सगळे जसे आहे तसेच चालायचे, हे त्याच्या अंगवळणी पडते.

यातला एकही आक्षेप हवेतला नाही. रात्री आठच्या मालिकेत सासूने दाराआडून ऐकले की कुठले संगीत वाजणार, हे आपल्याला आधीच माहीत असते. विसर्जनाच्या मिरवणुकीत छातीत धडधडणारा तो आवाज कुठल्या गाण्याचा आहे हे पुष्कळदा कळतही नाही, आणि कळण्याची गरजही राहिलेली नसते. अडोर्नो आपल्या गल्लीत उभा असता तर मान हलवून म्हणाला असता, "मी सांगितले होते."

मग हे आक्षेप अडतात कुठे? ते वाईट जनकलेचे वर्णन करतात आणि निकाल सगळ्या जनकलेवर देतात. भावना आधी ठरवून नळ सोडणे हा दोष असेल, तर तो संगीत नाटकांच्या पडत्या काळातल्या कितीतरी नाटकांत आहे, आणि नव्या म्हणवणाऱ्या पुष्कळ कवितांतही आहे. साचा हा दोष असेल, तर ख्यालाला बंदिश आहे, अभंगाला चरणांचे बंधन आहे, कीर्तनाला पूर्वरंग-उत्तररंग आहे. साचा असतोच. त्यात काय ओतले हे पाहायचे असते. आणि रसिकाला कष्ट पडले म्हणजे वस्तू मोलाची, हेही खरे नाही. कष्ट तर शब्दकोड्यालाही पडतात. रसिकाने किती घाम गाळला यावरून कलेची प्रत ठरत नाही. तिने त्याला काय दिले यावरून ठरते.

एका तबकडीची गोष्ट

जनकलेवरचा आणखी एक विचार यापेक्षा सूक्ष्म आहे. वाल्टर बेंजामिन याने १९३६ मधल्या एका निबंधात म्हटले, की यंत्राने प्रती निघू लागल्या की कलाकृतीभोवतीचे वलय जाते. एका ठिकाणी, एका काळी, समोर असण्याचा जो प्रभाव असतो, तो प्रतीत उतरत नाही. बेंजामिनला यात निव्वळ तोटा दिसला नाही. वलय गेले की कला देव्हाऱ्यातून खाली लोकांच्या हातात येते, हेही त्याने पाहिले. पण वलय जाते यावर तो ठाम होता.

आता आपल्या जवळची एक घटना पाहा. मिरजेला स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांचे गाणे तबकड्यांवर आले होते. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर चालणारा राग त्या अवधीत कोंबायचा म्हणजे जनकलेच्या अटी मान्य करणेच होते. लांबण काढून टाकायची, मुख्य सौंदर्यस्थळ लवकर समोर आणायचे. गदगच्या एका अकरा वर्षांच्या मुलाने दुकानात वाजणारी ही तबकडी ऐकली आणि १९३३ मध्ये असे गाणे शिकायचे म्हणून तो घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, कोलकाता, जालंधर असा भटकला. शेवटी त्याला गुरू मिळाला तो घराजवळच, कुंदगोळला. सवाई गंधर्व, अब्दुल करीम खाँचे शिष्य. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

या घटनेत वलय गेले की आले? दुकानात गिऱ्हाइकांसाठी लावलेली, यंत्राने काढलेली एक प्रत एका पोराच्या कानावर पडली. त्याला कोणी रसिकतेचे धडे दिलेले नव्हते, रागाचे नाव समजून घेऊन तो थांबला नव्हता. तबकडीने त्याला तृप्त करून घरी पाठवले नाही, तिने त्याला अस्वस्थ करून घराबाहेर काढले. कॉलिंगवुडची करमणूक भावना जागवते आणि तिथेच शमवते. इथे ती शमली नाही.

याच काळात हुबळीच्या गंगूबाई हनगल तबकड्यांवर मराठी भावगीतेही गात होत्या. ग. ना. जोशी यांच्याबरोबरची त्यांची द्वंद्वगीते घरोघर गेली. भावगीत हा प्रकारच असा घडला, की तबकडीच्या तीन मिनिटांत एक कविता पुरी व्हावी. यंत्राची अडचण हीच प्रकाराची मर्यादा झाली, आणि त्या मर्यादेत मराठीला एक नवे गाणे मिळाले. आज तीच भावगीते आपण जुने, खानदानी, अभिजात म्हणून नातवंडांना ऐकवतो. ती जन्मली तेव्हा बाजारातच जन्मली होती, हे आपण विसरलो आहोत.

सोपेपणाचे कसब

'सोपे' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. ऐकणाऱ्याला सोपे आणि करणाऱ्याला सोपे. दोन्ही एकच असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती बहुधा एकमेकांच्या उलट असतात.

'गीतरामायण' हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी छप्पन्न गीते वर्षभर झाली. कॅरलच्या तिन्ही अटी इथे पुऱ्या होतात. यंत्राने पोचणारी कला आहे, घरोघर एकाच वेळी वाजते आहे, आणि ऐकणाऱ्याने संस्कृत शिकलेले असावे, राग ओळखावा, मागचे गीत ऐकलेले असावे, अशी कसलीही अट नाही. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ऐकणारी बाई हाच तिचा श्रोता. गदिमांनी प्रत्येक गीत रामकथेतल्या एका व्यक्तीच्या तोंडी घातले. त्यामुळे कथा सांगावी लागत नाही, माणूस बोलतो आणि कथा कळते. सुधीर फडके यांनी चालींना रागाचा आधार ठेवला, पण राग गीतापुढे येऊ दिला नाही. ऐकणाऱ्याला हे काहीच दिसत नाही. दिसत नाही हेच कसब. ती आकाशवाणीची मालिका होती म्हणून कोणी तिला उथळ म्हणेल का? आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी पुरवायची होती म्हणून तिला कारखान्यातला माल म्हणेल का?

आपल्या भागात याचेच दुसरे रूप दरवर्षी पाहायला मिळते. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, भाषणे होतात, आणि मग कथाकथनाचे सत्र येते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनाला महाराष्ट्रभर जे वेड लावले, त्याचा हा वारसा. शेतकरी, शिक्षक, शाळेतली पोरे, कडेवर मूल घेतलेल्या बाया, सगळे एकाच मांडवात बसून एकाच वाक्याला हसतात. कथाकथन ही यंत्राची कला नव्हे, पण तिसरी अट तिथेही लागू आहे. ज्यांनी कधी कथा सांगून पाहिली आहे त्यांना विचारा, की मांडवातल्या शेवटच्या रांगेपर्यंत एक वाक्य पोचवणे म्हणजे काय असते.

भरताने ही गोष्ट फार आधी ओळखली होती. 'नाट्यशास्त्रा'त नाट्य हा सर्व वर्णांसाठी निर्मिलेला पाचवा वेद आहे. आधीचे चार सर्वांना खुले नव्हते, म्हणून हा पाचवा. त्याच ग्रंथात प्रेक्षकांची आवड निरनिराळी असते हेही स्वच्छ सांगितले आहे. तरुणांना शृंगार रुचतो, शूरांना युद्धाचे प्रसंग, वृद्धांना धर्माख्याने. एकाच प्रयोगाने या सगळ्यांना सांभाळायचे आहे. पुढे अभिनवगुप्ताने 'सहृदय' ही कल्पना विकसित केली, ज्याचे मन काव्याच्या अभ्यासाने आरशासारखे स्वच्छ झाले आहे असा रसिक. आपण सहृदयाची परंपरा उचलली आणि पाचव्या वेदाची विसरलो. खरे तर दोन्ही एकाच घराण्याच्या आहेत.

कुंपणापलीकडे जाते ते काय?

आता आपल्या भागाचा प्रश्न. सीमेवर राहणाऱ्या माणसाला आपली भाषा जपायची असते. जपायचे म्हटले की आपण उत्तम, शुद्ध, अभिजात तेवढे कपाटात ठेवतो. पण या भागातल्या कलेचा इतिहास पाहिला तर वेगळेच चित्र दिसते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी १८४२ मध्ये सांगलीला आली. त्यांचे यक्षगानाच्या वळणाचे खेळ राजेसाहेबांनी पाहिले आणि तसे काही मराठीत करण्याची आज्ञा विष्णुदास भाव्यांना झाली. १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झाले. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण इथून मोजतो. किर्लोस्करांनी पदांना साकी-दिंडीच्या, कीर्तनाच्या, लावणीच्या चालींबरोबर कर्नाटकातल्या चालीही लावल्या. धारवाडकडचे, घरात कन्नड बोलणारे रामभाऊ कुंदगोळकर मराठी नाटकांतून गाऊन 'सवाई गंधर्व' झाले. बेळगावजवळच्या सुळेभावी गावात १९२४ मध्ये कन्नड घरात जन्मलेल्या शिवपुत्र कोमकली यांनी, म्हणजे कुमार गंधर्वांनी, १९६५ मध्ये 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. शास्त्रीय संगीतातला एवढा मोठा गवई नाटकातल्या पदांकडे शिष्यासारखा बसला. माळव्यातल्या बायकांच्या गाण्यांतून त्यांनी नवे रागही शोधले. आणि भीमसेन जोशी एका हंगामात मराठी अभंग गात, दुसऱ्यात कन्नड दासपदे. गळा तोच.

या यादीत कुंपण ओलांडणारी गोष्ट दर वेळी कुठली आहे? यक्षगान, नाट्यपद, तबकडी, अभंग. जे अनेकांसाठी केलेले होते ते. मर्ढेकरांची कविता कन्नड शेजाऱ्याला समजावून सांगायला एक संध्याकाळ लागेल, आणि ती जरूर खर्च करावी. पण नाट्यपदाला ती लागली नाही. पूर्वतयारी न मागणे हा जो जनकलेचा 'दोष', तोच दोन भाषांच्या सीमेवर तिचा गुण ठरतो.

इथे कॅरलला एक टाचणी लावली पाहिजे. पूर्वतयारी अजिबात न लागणारी कला असे काही नसते. आपल्यापैकी कितीतरी जणांना नाट्यसंगीत 'आपोआप' कळते असे वाटते. ते आपोआप नव्हते. लहानपणी शेजारच्या वाड्यातून ते भिंतीपलीकडून ऐकू येत होते, आजोबा सुपारी कातरताना गुणगुणत होते, काका म्हणत होते, "ही जागा ऐक." तयारी होत होती, फक्त तिला शिकवणी म्हणत नव्हते. जनकला तयारी मागत नाही हे खरे, पण तिच्यातले बरे-वाईट ओळखायला मात्र कोणीतरी शेजारी बसून "ही जागा ऐक" म्हणावे लागते.

मग प्रत कशी ठरवायची?

ही कामाची गोष्ट आहे. 'ह्यात कसली आलीय कला' म्हणून आपण उठून आत गेलो, की हे शेजारी बसणे बंद होते. पोर ऐकतच राहते. ते उत्तम आणि टुकार एकाच बोटाने पुढे सरकवते, कारण दोन्हींत फरक असतो हे त्याला कोणी दाखवलेले नसते. जिथे मराठी शाळेत, कचेरीत, पाट्यांवर आपोआप भेटते, तिथे ही हानी कदाचित भरून निघेल. आपल्याकडे ती भरून निघायला दुसरी जागा फारशी नाही.

प्रत ठरवायला मोठे शास्त्र लागत नाही. तीन प्रश्न पुरतात, आणि ते तुम्ही नाट्यपदांना विचारत आलेलेच आहात. पहिला, सोपेपणा कशासाठी वापरला आहे? काही पोचवण्यासाठी, की पोचवण्यासारखे काही नाही हे झाकण्यासाठी? दुसरा, साच्यात काय ओतले आहे? ठरलेल्या जागी ठरलेलेच येते, की त्या जागी एखादे जिवंत माणूस उभे राहते? तिसरा, संपल्यावर काय उरते?

या तिसऱ्या प्रश्नासाठी पुन्हा भरताकडे जाऊ. प्रयोगाला मिळणारे यश, म्हणजे सिद्धी, त्याने दोन प्रकारची सांगितली आहे. मानुषी सिद्धी हसण्यातून, 'वाहवा'तून, अंगावर आलेल्या रोमांचातून दिसते. दैविकी सिद्धी मात्र अशी, की रंगमंडप पूर्ण भरलेला आहे आणि तरी कुठे आवाज नाही, चलबिचल नाही. लक्षात घ्या, भरताच्या सर्वोच्च यशात मांडव रिकामा नाही. मोजक्या जाणकारांची शांतता त्याला अभिप्रेत नाही. गर्दी आहे, आणि ती गर्दी स्तब्ध झाली आहे.

हे वाचताना मला आठवतो तो नागराज मंजुळे यांचा 'सैराट', २९ एप्रिल २०१६ रोजी आलेला. अजय-अतुल यांच्या गाण्यांवर चित्रपटगृहांत लोक खुर्च्या सोडून नाचले. आपल्यापैकी अनेकांनी तेवढे ऐकून नाक मुरडले आणि पुढचा चित्रपट पाहिलाच नाही. मंजुळे यांनी जनकलेची सगळी हत्यारे वापरली. प्रेमकथा, विनोद, विहिरीतली उडी, ठेका. साचा ओळखीचा, म्हणून कोणालाही आत यायला अडचण नाही. आणि एकदा सगळे आत आले, की शेवटी त्या साच्यातूनच जातीचे वास्तव समोर उभे राहते. अखेरच्या दृश्यात आवाज काढून घेतलेला आहे. एक लहान मूल चालते आणि मागे पावले उमटत जातात. मघाशी नाचलेले तेच लोक, त्याच खुर्च्यांवर. ज्यांनी तो खेळ भरल्या चित्रपटगृहात पाहिला, त्यांना दैविकी सिद्धी म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पुढच्याच वर्षी तो कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' म्हणून आला आणि नायिका तीच, रिंकू राजगुरू, राहिली. कर्कीहून सांगलीला आलेली वाट अजून वाहती आहे, फक्त या वेळी तिची दिशा उलटी होती.

याच मोजमापाने पुष्कळ गाणी आणि मालिका नापास होतील. होऊ द्याव्यात. जनकलेला कला मानणे म्हणजे तिला सगळे माफ करणे नव्हे. उलट कला मानले तरच तिच्यावर रागावता येते, तिच्याकडून काही मागता येते. मिरवणुकीतल्या आवाजावर 'हे आमचे नव्हेच' म्हणून खिडकी लावून घेणारा काही सुधारू शकत नाही. 'हे आमचे आहे आणि वाईट आहे' म्हणणारा मांडवात जाऊन चार पोरांशी बोलू शकतो.

तेव्हा वाचकहो, अभिजाततेचा आनंद जरूर करू. तबकड्या जपू, ग्रंथ जपू. पण नातवाच्या मोबाइलमधून गाणे ऐकू आले तर आत जाऊ नका. शेजारी बसा. पूर्ण ऐका. आवडले नाही तर कुठे आवडले नाही ते बोट ठेवून सांगा. आवडले तर कबूल करा, त्यात कमीपणा नाही. आणि मग त्याला म्हणा, "आता माझे एक ऐक." तो ऐकेल की नाही, याची हमी कोणी देऊ शकणार नाही. पण गदगच्या त्या दुकानात तबकडी लावणाऱ्यालाही कोण ऐकते आहे हे माहीत नव्हते.